गणिताच्या मास्तरांनी मांडलेलं विद्यापीठ

महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं, पण ते एका मार्काच्या उत्तरासारखं. विधवाविवाह, हिंगण्याची संस्था, भारतरत्न आणि एकशे चार वर्षांचं आयुष्य. एवढं लिहिलं की मार्क मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मंडळाच्या या अंकासाठी चरित्रलेख लिहायचा ठरला, तेव्हा मला त्यांच्याबद्दल वेगळ्या कारणासाठी लिहावंसं वाटलं. आपल्याकडे विद्यार्थ्यांचं शिकणं सुधारण्याच्या योजना सारख्या येत असतात. समित्या नेमल्या जातात, अहवाल तयार होतात. कर्व्यांनी तर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एक अख्खं विद्यापीठ आखलं. सरकारी मान्यता नसताना ते चालवलंही. त्यांनी हे कसं केलं आणि त्याची किंमत काय पडली, हे आपण वाचायला हवं असं मला वाटतं.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. मीही पुढे तेच म्हणते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवलीला, आजोळी झाला. घर मात्र दापोलीजवळच्या मुरुडचं. घरची परिस्थिती बेताची होती. गावात सोमण गुरुजी होते, त्यांचा या मुलावर मोठा प्रभाव पडला. त्यांच्याच प्रेरणेने हा मुलगा देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. छापलेलं ज्ञान ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत ते त्यांच्या बोलीतून पोचवायचं, हे काम त्यांच्या हातून इतक्या लहानपणी सुरू झालं होतं.

मग ती साताऱ्याची गोष्ट. आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि तिचं केंद्र मुरुडपासून शंभराहून अधिक मैलांवर. भर पावसात, दऱ्याखोऱ्यांतून, सोबत्यांबरोबर पायी चालत हा मुलगा साताऱ्याला पोचला. परीक्षेला वयाची सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. अंगकाठी इतकी लहान की हा सतरा वर्षांचा असेल असं परीक्षकांना वाटेना. त्यांनी त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. तो तसाच परत फिरला. पुढच्या खेपेला कोल्हापूरला जाऊन तो ती परीक्षा पास झाला.

ही गोष्ट आपल्याला जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नियम टेबलापलीकडे बसलेला होता आणि शिकू पाहणारा मुलगा टेबलाच्या अलीकडे उभा होता. नियमाने त्या मुलाकडे पाहिलं ते फक्त तो चौकटीत बसतो का, एवढ्यापुरतं. पुढे हाच माणूस स्वतः विद्यापीठाचे नियम लिहायला बसला. तेव्हा त्याने कुणाला डोळ्यांपुढे ठेवलं, हे बघण्यासारखं आहे.

पुढचं शिक्षण अडखळतच झालं. इंग्रजी शिकायला उशीर झाला, मध्येच आजारपण आलं. मुंबईच्या रॉबर्ट मनी या मिशनरी शाळेतून १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आपण त्या वयात एम.ए.चे फॉर्म भरत असतो. पुढे विल्सन आणि मग एल्फिन्स्टन कॉलेज, आणि १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. त्यानंतर मुंबईत शिकवण्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत या शाळेतून त्या शाळेत जायचं आणि गणित शिकवायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यात मुलींच्या इंग्रजी शाळाही होत्या. कमाईतला ठरावीक भाग बाजूला काढून त्यांनी गावासाठी मुरुड फंड सुरू केला. पैसा थोडा थोडा पण रोज साठवायचा, ही सवय त्यांना तेव्हापासूनच होती.

लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झालेलं होतं. पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. मुलगा रघुनाथ लहान होता. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला या असं बोलावणं गोपाळ कृष्ण गोखल्यांकडून आलं. अण्णा पुण्याला गेले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले.

फर्ग्युसनमधले प्राध्यापक, वय पस्तिशीच्या आत, पुन्हा लग्न करायला कुणाचीच हरकत नव्हती. फक्त नवरी कुमारिका हवी. अण्णांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच. त्यांच्या मित्राची बहीण गोदूबाई बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं, तेव्हा तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच. ११ मार्च १८९३ ला पुण्यात हे लग्न झालं आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतात. मुरुड गावाने दोघांवर बहिष्कार टाकला. गावासाठी फंड काढणाऱ्या माणसाला त्याच गावाची दारं बंद झाली.

इथे रमाबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात मोठा वाद पेटला. अनेकांनी मुली काढून घेतल्या आणि सल्लागार मंडळीही दूर झाली. मी स्वतः कॅथलिक घरातली, त्यामुळे हा वाद वाचताना मी जरा सावध होऊनच वाचते. अण्णांचं वागणं मला यात फार समजूतदार वाटतं. रमाबाईंच्या कामाबद्दलचा आदर त्यांनी सोडला नाही. पण ज्या घरांना तिथे मुलगी पाठवायची भीती वाटते, त्या घरातल्या मुलीने शिकायचंच नाही का, असा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. धर्माचा वाद जिंकण्यापेक्षा ती मुलगी वर्गात येऊन बसणं त्यांना महत्त्वाचं वाटलं.

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. शहरात प्लेगची भीती होती, आणि लोकांच्या नजराही होत्या. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचं आणि संध्याकाळी काही मैल चालत हिंगण्याला जाऊन तिथल्या मुलींना शिकवायचं, असं त्यांनी बराच काळ केलं. वाटेत वर्गणी गोळा करायची. रस्ता नीट नव्हता, पावसाळ्यात तर चिखलच. आनंदीबाईंच्या धाकट्या बहिणी पार्वतीबाई आठवलेही विधवा होत्या. त्या आश्रमात शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी जमवत अमेरिकेपर्यंत गेल्या.

मला वाटतं, विद्यापीठाची खरी तयारी या हिंगण्याच्या वर्षांत झाली. समोर बसलेल्या मुली कोण होत्या? कुणी अक्षरओळख नसताना विसाव्या वर्षी आलेली. कुणी मनाने पार मोडलेली, कुणी घरच्यांशी भांडून आलेली. त्यांना शिकवताना अण्णांनी वीस वर्षं एक गोष्ट पाहिली. मराठीतून सांगितलेला इतिहास, आरोग्य, हिशेब यांना पटकन समजतो. त्या प्रश्न विचारतात, आपलं उदाहरण देतात. तेच मॅट्रिकच्या इंग्रजी पुस्तकाशी आलं की वर्षानुवर्षं नुसते शब्द पाठ करण्यात जातात. मुंबई विद्यापीठाची वाट मुलींना बंद नव्हती. पण ती वाट ज्या मुलाला समोर ठेवून बांधलेली होती, त्याला लहानपणापासून इंग्रजी शाळा मिळालेली असायची, घरकाम नसायचं आणि वीस-बावीस वर्षांपर्यंत शिकायची मोकळीक असायची. हिंगण्याची मुलगी त्या वाटेवर चालू शकत नव्हती, आणि याचं कारण तिची बुद्धी नव्हतं.

विधवांच्या आश्रमाबरोबर १९०७ मध्ये सगळ्याच मुलींसाठी महिला विद्यालय निघालं. १९०८ मध्ये अशा कामाला वाहून घेणाऱ्या माणसांसाठी निष्काम कर्म मठ निघाला. पुढे या संस्था एकत्र आल्या. १९१५ मध्ये अण्णांनी आत्मवृत्त लिहिलं. त्या काळी सत्तावन्नावं वर्ष म्हणजे आयुष्याचा हिशेब मांडून झाला असंच समजायचं. त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र अजून सुरूही झालेलं नव्हतं.

त्याच वर्षी बनारसहून त्यांच्याकडे टपालाने एक पुस्तिका आली. टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती तिच्यात होती. आधी त्यांनी ती बाजूला ठेवली. मग डिसेंबरमध्ये मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणात काय बोलायचं हा विचार करताना त्यांनी ती पुस्तिका वाचून काढली. जपानने आपल्या मुलींना आपल्या भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ १९०१ मध्येच उभं केलं होतं. हिंगण्याला जे वीस वर्षं दिसत होतं, त्याला एक आकार मिळाला. परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि सहा महिन्यांत, जून १९१६ मध्ये, भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरूही झालं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. परांजपे हे अण्णांचे नातलग आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेले. ५ जुलैला पहिलं कॉलेज, महिला पाठशाळा, उघडलं. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

आता आराखड्याकडे वळू. मी साहित्याची विद्यार्थिनी, योजना वगैरे मला फारशा कळत नाहीत. पण हा आराखडा कुणालाही कळेल इतका सरळ आहे.

पहिली गोष्ट भाषेची. सगळे विषय मातृभाषेतून शिकवायचे, पदवीपर्यंत. आज हे वाक्य भाषणांत इतकं गुळगुळीत झालंय की त्यातली हिंमत कळत नाही. १९१६ मध्ये देशातल्या विद्यापीठांत पदवीचं शिक्षण इंग्रजीतून चालायचं. मराठीत कॉलेजच्या पातळीची पुस्तकं फारच थोडी होती. पुस्तकं तयार होतील मग भाषा बदलू, असं त्यांनी म्हटलं नाही. आधी वर्ग सुरू केला.

दुसरी गोष्ट इंग्रजीची. मातृभाषेतून शिकवायचं, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवायचा. इथे गांधीजींशी त्यांचा मतभेद झाला. मातृभाषा हे माध्यम गांधीजींना मान्य होतं, पण इंग्रजीची सक्ती नको, असं त्यांचं मत होतं. एवढ्या मोठ्या माणसाचा पाठिंबा हवा असतानाही अण्णा हटले नाहीत. मुलींना जगाच्या ज्ञानाचा दरवाजा इंग्रजीतून उघडतो आणि तो आपण बंद करायचा नाही, असा त्यांचा हिशेब होता. समजायला मराठी हवी आणि पुढे जायला इंग्रजीही हवी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्याकडे या विषयावर वाद झाला की लगेच दोन गट पडतात. शंभर वर्षांपूर्वीच्या गणिताच्या प्राध्यापकांना मात्र ही दोन्ही पदं एकाच समीकरणात ठेवता आली होती.

तिसरी गोष्ट विषयांची. आरोग्य, गृहव्यवस्था, बालमन असे बायकांच्या तेव्हाच्या आयुष्याला भिडणारे विषय अभ्यासक्रमात घेतले. यावर मी पुढे बोलणार आहे, कारण ही गोष्ट मला पूर्ण पटत नाही.

चौथी गोष्ट, जिला कॉलेजात येणं जमत नाही तिलाही परीक्षेला बसता येईल अशी सोय. घरी अभ्यास करून परीक्षा देण्याचा रस्ता त्यांनी मोकळा ठेवला. लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या बायका त्या रस्त्याने येऊ शकत होत्या. साताऱ्याहून परत फिरलेल्या मुलाची इथे मला आठवण होते.

पदव्यांची नावंही संस्कृत होती. पदवीधर स्त्री म्हणजे गृहीतागमा, आणि त्यापुढची पदवी प्रदेयागमा. पहिलीने विद्या घेतली, दुसरी आता ती देऊ शकते. मला ही नावं आवडतात, कारण शिकण्याचा शेवट शिकवण्यात व्हावा हे नावातच सांगून टाकलंय.

अण्णा स्वतः पाठशाळेचे पहिले प्राचार्य होते, पण लवकरच त्यांनी ती खुर्ची दुसऱ्याकडे दिली आणि झोळी घेऊन बाहेर पडले. पुढच्या चार वर्षांत प्रवासखर्च वजा जाता २ लाख १६ हजार रुपये त्यांनी विद्यापीठाच्या तिजोरीत टाकले. त्यात चार-आठ आण्यांचीही वर्गणी होती. मग १९२० मध्ये मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. देणगी रोख हातात आली नव्हती. साडेतीन टक्क्यांच्या कर्जरोख्यांचं वर्षाचं व्याज, ५२,५०० रुपये, यावर विद्यापीठ चालायचं होतं. देणगीबरोबर अटीही होत्या. विद्यापीठाचं मुख्य ठाणं पुढे मुंबईला जावं ही त्यातली एक, आणि १९३६ मध्ये ते गेलं. पुण्याच्या मातीत वाढवलेलं काम दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या नावाने जातंय हे अण्णांनी पाहिलं. त्यावरून ते अडून बसले नाहीत.

मध्यंतरी १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेशात निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत त्यांनी भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या या प्रयोगाविषयी सांगितलं. बर्लिनला आइनस्टाइनना भेटले. ज्या पुस्तिकेने सगळं सुरू झालं, ते टोकियोचं महिला विद्यापीठही पाहून आले. त्यानंतर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा दौरा. सगळीकडे एकच काम, माहिती सांगायची आणि वर्गणी मागायची.

आता किमतीबद्दल. चरित्रलेखात आपण हा भाग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकतो.

पहिली किंमत विद्यार्थिनींनी मोजली. या विद्यापीठाच्या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. सरकारी नोकरीसाठी किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकायला तिचा उपयोग नव्हता. कायद्याने मान्यता मिळाली १९५१ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. या पस्तीस वर्षांत जी मुलगी इथे शिकायला आली, ती फक्त शिकण्यासाठी आली. आपण प्रत्येक सेमिस्टरला किती क्रेडिट मिळणार हे आधी बघतो. त्यामुळे त्या मुलींचं मला आश्चर्यही वाटतं आणि थोडं वाईटही. चांगली योजना आणि मान्य असलेली योजना या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्यातलं अंतर शेवटी विद्यार्थ्याच्या अंगावर पडतं. अण्णांना हे माहीत होतं. तरी त्यांनी सुरुवात केली, कारण मान्यतेची वाट बघत बसलं असतं तर त्या मुलींचं शिकायचं वयच निघून गेलं असतं.

दुसरी किंमत घराने मोजली. आनंदीबाईंचं माझे पुराण हे आत्मचरित्र वाचलं की कळतं, आदर्श माणसाचं घर चालवणं म्हणजे काय असतं. नवरा कमावतो ते संस्थेला देतो आणि घरात चार मुलं. आनंदीबाई कष्टाने आणि बोलून, दोन्ही प्रकारे त्या ओढीला तोंड देत राहिल्या. वसंत कानेटकरांनी हिमालयाची सावली हे नाटक याच कुटुंबावरून स्फुरून लिहिलं. सावलीत उभं राहिलेल्या बाईकडे प्रेक्षकांचं लक्ष वेधलं, हे त्या नाटकाचं मोठेपण. थोरला मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, संततिनियमनाच्या कामासाठी समाजाशी झगडला. अण्णांची सून इरावती कर्वे मानववंशशास्त्रात आणि मराठी ललित लेखनात मोठं नाव झाल्या. एका घरात इतकी स्वतंत्र माणसं निपजली, याचं श्रेय एकट्या अण्णांना देता येणार नाही.

आणि आता माझा आक्षेप. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम, त्यात गृहव्यवस्था, हे वाचताना मला खटकतं. त्या काळातही सुधारकांपैकी काहींना ते खटकलं होतं. वेगळं म्हणता म्हणता कमी दर्जाचं ठरेल, ही त्यांची भीती चुकीची नव्हती. आजची त्याची मुलगी आहे, उद्या तिला घर सांभाळायचंय, असं धरून योजना आखली की ती योजना मुलीला घरापाशीच आणून सोडते. विद्यार्थ्याची आजची परिस्थिती ओळखून सुरुवात करणं वेगळं, आणि तीच त्याची कायमची जागा समजणं वेगळं. पहिल्या गोष्टीत अण्णा बरोबर होते. दुसऱ्या गोष्टीत मला त्यांची बाजू काळाच्या चौकटीतच ठेवून वाचावी लागते. समाधान एवढंच की त्यांनी बांधलेली इमारत त्या चौकटीत अडकून राहिली नाही. त्याच विद्यापीठात आज मुली अभियांत्रिकीही शिकतात.

हे सगळं मी आज का लिहिते आहे? आपण सीमाभागात राहतो. आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी मराठी, बाजारात आणि बसस्टँडवर कन्नड, आणि पुस्तक इंग्रजीत. काहींच्या घरी कोंकणी, म्हणजे चौथी भाषा. गेल्या वर्षी वर्गात एक फॉर्म आला होता, शिकणं सुधारण्यासाठी विद्यार्थ्यांच्या सूचना मागवणारा. त्यात प्रोजेक्टर, वाय-फाय, ग्रंथालयाची वेळ, शिक्षक वेळेवर येतात का, असे वीसेक प्रश्न होते. सगळे रास्तच. पण तुम्हाला कुठल्या भाषेत समजतं आणि कुठल्या भाषेत तुम्ही फक्त लिहून काढता, हा प्रश्न त्यात नव्हता. माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण अर्थशास्त्रात हुशार आहे. मागणी-पुरवठा ती भाजीबाजाराच्या उदाहरणाने मराठीत असं समजावते की आम्हा साहित्यवाल्यांनाही कळतं. इंग्रजी उत्तरपत्रिकेत मात्र तिची दीड पानं होतात. फॉर्ममधल्या कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरात ही गोष्ट बसत नाही.

अण्णांचं विद्यापीठ जसंच्या तसं उचलून इथे आणावं असं मी म्हणत नाही. आमच्या वर्गाची मातृभाषा एक नाहीच. पण त्यांच्या पद्धतीतल्या तीन गोष्टी कुठल्याही कॉलेजला, कुठल्याही विद्यापीठाला घेता येतील. एक, योजना लिहिण्याआधी शिकणाऱ्यांसोबत पुरेसा काळ घालवायचा. त्यांनी वीस वर्षं घालवली, आपण निदान एक सेमिस्टर घालवू. दोन, समजण्याची भाषा आणि पुढे जाण्याची भाषा दोन्ही हातात द्यायच्या, एकीसाठी दुसरी काढून घ्यायची नाही. शिकवणीच्या तासाला मराठी-कन्नडमधून चर्चा आणि मग इंग्रजीत लिहिण्याचा वेगळा सराव, एवढं तर उद्यापासून करता येईल. आपलं मंडळ यात पुढाकार घेऊ शकतं. तीन, सगळं जमून आल्यावर सुरू करू म्हणत थांबायचं नाही.

मान्यतेचा कायदा झाला तेव्हा अण्णा नव्वदी ओलांडून गेले होते. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाला शंभर वर्षं पूर्ण होताना, भारतरत्न मिळालं. पण मला त्यांच्या आयुष्यातलं १९३६ हे वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. विद्यापीठ मुंबईला गेलं होतं, आता कुणीही विश्रांती घेतली असती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी त्या वर्षी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं आणि पुन्हा दारोदार वर्गणी मागायला लागले. विद्यापीठापर्यंत पोचलेल्या मुलीची सोय झाली होती, पण जी अजून पहिलीतही बसली नव्हती ती राहिलीच होती. पुढे १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघही काढला. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

पुढचा फॉर्म येईल तेव्हा खाली इतर सूचना म्हणून चार रिकाम्या ओळी असतातच. त्या ओळी आपण बहुतेक वेळा कोऱ्या सोडतो. या वेळी मंडळातल्या प्रत्येकाने तिथे एकच गोष्ट लिहावी: मला कुठल्या भाषेत समजतं, आणि माझ्या शेजारच्याला कुठल्या भाषेत समजतं. त्याची उत्तरं एकत्र करून आपण पुढच्या अंकात छापूया.